दोन आरोप

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात चक्क देवावर फिर्याद आहे. जग देवानं घडवलं असेल तर तो पक्षपाती ठरतो, कारण एकाला पालखीत बसवतो आणि तीच पालखी दुसऱ्याच्या खांद्यावर देतो. शिवाय निर्दयही ठरतो, कारण दुःख देतो आणि शेवटी सगळ्यांना गिळून टाकतो. वैषम्य आणि नैर्घृण्य, असे हे दोन आरोप. बादरायणाचा निकाल चौतिसाव्या सूत्रात आहे: देव आपल्या मर्जीनं काही वाटत नाही, ज्याच्या त्याच्या कर्माकडे बघून देतो, तेव्हा दोन्ही आरोप खारीज. शंकराचार्य इथे पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो. कुठे साळ उगवते, कुठे जव, तो फरक बियाण्याचा.

पिट्सबर्गला आमच्या घरी रविवारी सकाळी दहाला भाष्याचं वाचन असतं. दहाची वेळ ठरली ती स्टीलर्समुळे. एक वाजता मॅच सुरू होते. साडेबारा वाजले की कितीही गहन अधिकरण चालू असो, जोशी घड्याळाकडे बघायला लागतात आणि पोह्यांच्या बशा आपोआप सिंककडे निघतात. या गावात राहून अमेरिकन फुटबॉलपासून लांब राहता येत नाही. विमानतळावरच वर्षानुवर्षं दोन पुतळे शेजारी शेजारी उभे: एक जॉर्ज वॉशिंग्टन, दुसरा फ्रँको हॅरिस. देशातून आलेले पाहुणे पहिल्याला ओळखतात आणि दुसऱ्याबद्दल विचारतात. इथल्या माणसांचं बहुधा उलट असावं.

2017 च्या डिसेंबरात आमचं वाचन नेमकं या सूत्रापाशी आलेलं होतं, आणि त्याच महिन्यात स्टीलर्सच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या.

4 डिसेंबरला, सोमवारी रात्री, सिनसिनाटीच्या मैदानात आमचा रायन शेझियर एका खेळाडूला अडवायला डोकं खाली घालून धावला. टक्कर झाली आणि तो आडवा पडला. हात कमरेच्या मागे नेऊन त्यानं पाठ चाचपली. पाय हलत नव्हते. मणक्याला इजा झाली होती, दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. पुढे तो काठी घेऊन, मग काठीशिवाय चालायला लागला हे त्याचं आणि डॉक्टरांचं कौतुक, पण खेळला मात्र परत कधीच नाही. त्या टकरीवर पंचांनी नियमभंगाचा फ्लॅग टाकला नाही. टाकण्यासारखं काही नव्हतंच. सगळं नियमात होतं.

17 डिसेंबरला पॅट्रियट्सविरुद्धची मॅच पिट्सबर्गमध्येच होती. शेवटची अठ्ठावीस सेकंदं उरलेली, आपण तीन गुणांनी मागे. जेसी जेम्सनं चेंडू झेलला, वळला, गुडघा टेकला आणि हात लांब करून चेंडू गोलरेषेपलीकडे नेला. टचडाउन! आमच्या दिवाणखान्यात हे टॉवेल फिरवायला लागले. (नवऱ्याबद्दल बोलते आहे. पिवळा टेरिबल टॉवेल, 1975 सालापासून इथलं उपरणंच म्हणा.) मग न्यूयॉर्कहून रिप्ले बघून निर्णय फिरवला गेला. कारण काय, तर पडताना चेंडू जमिनीला लागला तेव्हा तो हातात जरासा फिरला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे झेल घेताना खाली पडणाऱ्याच्या हातात चेंडू जमिनीवर आपटूनही पक्का राहायला हवा होता. म्हणजे झेल नाही, म्हणजे टचडाउन नाही. त्यानंतरच्या दुसऱ्याच चालीत फेकलेला चेंडू पॅट्रियट्सच्या हातात गेला आणि 27-24 ने आपण हरलो.

शेझियरनंतरच्या रविवारी, 10 तारखेला, आमच्याकडे दोन-तीन जण "फार वाईट झालं हो" म्हणाले, शैलाताईंनी हात जोडले, आणि भाष्य उघडलं गेलं. जेम्सच्या झेलानंतरच्या रविवारी, 24 ला, भाष्य उघडलंच गेलं नाही. स्टीलर्सची मॅच दुसऱ्या दिवशी नाताळात होती, त्यामुळे घाई नव्हती, आणि अख्खी सकाळ चेंडू फिरला की नाही यावर गेली. जोशी आयुष्यभर पोलादाच्या भट्ट्यांचे हिशेब करत आलेले, मोजून बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "हा अन्याय आहे." अन्याय! तीन आठवड्यांपूर्वी पंचविशीतला मुलगा पाय गमावून बसला तेव्हा हा शब्द कुणाच्या तोंडी आला नव्हता. तेव्हा ते नशीब होतं.

मी कोल्हापूरकडची. आमचे आप्पा शाळामास्तर होते आणि जत्रेच्या मैदानात कुस्तीला पंच म्हणून उभे राहायचे. पंचाला शिव्या बसतात ही गोष्ट मला बाराखडीइतकी जुनी आहे. एकदा एका गावात निकाल पटला नाही म्हणून लोकांनी त्यांच्या सायकलीच्या दोन्ही चाकांची हवा सोडली, आणि आप्पा रात्री चालत घरी आले. त्यांचं म्हणणं असं की लाल मातीत पंचाला एक साक्षीदार असतो: चीत झालेल्या पैलवानाच्या पाठीला माती लागते. वाद झाला तर पैलवानाला उलटा फिरवून लोकांना पाठ दाखवायची. गादीवर तशी साक्ष राहत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत, गादीवरच्याच लढतीत, पाठ टेकली की नाही यावरून एका मल्लानं पंचाला लाथ मारली. तो व्हिडिओ माझ्या भावानं पाठवला तेव्हा मला जेम्सचा चेंडूच आठवला. खांदा किती टेकला, चेंडू किती फिरला.

मला त्या चेंडूबद्दल आणखी बोलायचं आहे, कारण पक्षपाताच्या आरोपाचं सगळं रहस्य तिथे आहे. साध्या वेगानं बघितलं तर झेल झाला. स्टेडियममधल्या सगळ्यांनी बघितला, मैदानावरच्या पंचानं दोन्ही हात वर केले. मग तेच चित्र हळू केलं, इतकं हळू की चेंडूवरच्या पांढऱ्या टाक्यांची दिशा बदलताना दिसली. तसा हळू वेग निसर्गात कुणाच्याच डोळ्याला मिळालेला नाही. मग त्या वेगात दिसलेलं सत्य जास्त खरं की साध्या वेगातलं? त्याच रविवारी रात्री ओकलंडमध्ये जीन स्टेराटोर नावाच्या पंचानं, हा आमच्याच पश्चिम पेन्सिल्व्हेनियातला माणूस, चेंडू आणि मोजणीची काठी यांच्यात फट आहे का ते बघायला खिशातून एक कागद काढला, त्याची घडी घातली आणि फटीत सरकवली. काउबॉईजना फर्स्ट डाउन मिळाला. कोट्यवधी डॉलरांचा खेळ, जगभर फिरणारे कॅमेरे, आणि शेवटी घडी घातलेला कागद! लोक हसले. मला मात्र तो पंच आवडला. आपल्यापाशी किती बारीक माप आहे हे त्यानं निदान सगळ्यांसमोर दाखवलं.

जेम्सच्या निर्णयात वैषम्य होतं का? नव्हतं. पंच नियमाच्या बांधिलकीत होता, बादरायणाच्या देवासारखा. त्याला पिट्सबर्गशी वैर नव्हतं. नियम विचित्र होता, पण तो सगळ्यांना सारखा होता. असं मी म्हटल्यावर आमच्याकडे मला कुणी चहा दिला नाही.

वैषम्याचा आरोप आपण कधी करतो हे बघण्यासारखं आहे. 1972 सालच्या 23 डिसेंबरला इथल्या थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये रेडर्सविरुद्ध बावीस सेकंदं उरली असताना टेरी ब्रॅडशॉनं फेकलेला चेंडू टक्कर होऊन उडाला आणि फ्रँको हॅरिसनं तो बुटाजवळून उचलून थेट गोलरेषेपर्यंत पळवला. पिट्सबर्ग 13-7 ने जिंकलं, प्लेऑफमधला हा संघाचा पहिला विजय. त्या वेळचा नियम असा की चेंडू आपल्याच फुक्वाला लागून मग हॅरिसकडे गेला असेल तर झेल बाद. रेडर्सच्या जॅक टेटमला लागून गेला असेल तर ग्राह्य. कुणाला लागला? आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रेडर्सचे प्रशिक्षक जॉन मॅडन यांना तो निर्णय आयुष्यभर खटकत राहिला. पिट्सबर्गनं मात्र त्याला चमत्कार मानून त्याचा पुतळा केला. 2006 च्या फेब्रुवारीत सिॲटलविरुद्धची सुपर बोल आपण 21-10 नं जिंकलो. तिथले लोक अजून पंचांच्या नावानं बोटं मोडतात. त्या मॅचचे मुख्य पंच बिल लीव्ही यांनी 2010 मध्ये सिॲटलच्या पत्रकारांसमोर आपणहून सांगितलं की चौथ्या डावात आपल्या हातून चुका झाल्या आणि त्यानं आपल्याला रात्र रात्र झोप लागली नाही. त्या जिंकण्यानं पिट्सबर्गमध्ये कुणाची झोप उडाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पस्तिसाव्या सूत्रात पूर्वपक्षी विचारतो: सृष्टीच्या आधी कर्मच नव्हतं, मग पहिला भेदभाव कुठून आला? उत्तर असं की संसार अनादी आहे, पहिलं असं काही नाहीच. फुटबॉलच्या चाहत्यांच्या तक्रारींना हे उत्तर तंतोतंत बसतं. कुणीही 2017 चं गाऱ्हाणं काढलं की समोरचा 2006 काढतो, त्याच्यापुढचा 1972.

नैर्घृण्याचं तसं नाही. तिथे कुणी मागचं उगाळत नाही.

त्या 1972 च्या टकरीतल्या जॅक टेटमचंच घ्या. 12 ऑगस्ट 1978 ला, हंगामापूर्वीच्या एका सरावाच्या मॅचमध्ये, त्यानं पॅट्रियट्सच्या डॅरिल स्टिंग्लीला हवेत असताना धडक दिली. स्टिंग्ली सव्वीस वर्षांचा होता. मानेखालचं शरीर लुळं पडलं ते 2007 मध्ये मरेपर्यंत. फ्लॅग पडला नाही. तेव्हाच्या नियमात ती धडक कायदेशीर होती. चेंडू कुणाला लागला यावर पन्नास वर्षं वाद, आणि माणूस लुळा झाला त्यावर वादाला जागाच नाही! आप्पांच्या शब्दांत सांगायचं तर पाठीला माती लागलेली स्पष्ट दिसत होती, पण नियमात माती मोजायची नव्हती.

आणि काही इजा तर मैदानावर दिसतही नाहीत. माइक वेबस्टर स्टीलर्सचा सेंटर होता. दर चालीला खाली वाकून चेंडू मागे द्यायचा आणि पुढच्या क्षणी समोरच्या डोंगरासारख्या माणसावर डोकं आदळायचं, असं त्यानं सतरा हंगाम केलं. पिट्सबर्गनं त्याच्या नावानं जयजयकार केले. निवृत्तीनंतर त्याची स्मृती गेली, काही काळ तो आपल्या गाडीत झोपत होता. 2002 च्या सप्टेंबरात, पन्नासाव्या वर्षी गेला. इथल्याच कोरोनरच्या कचेरीत बेनेट ओमालू या नायजेरियातून आलेल्या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. बाहेरून मेंदू ठीक दिसत होता. त्यांनी त्याचे पातळ काप करवून घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली रोग सापडला. 2005 मध्ये तो निबंध छापून आला. नैयायिक ज्याला अदृष्ट म्हणतात तसा हा प्रकार आहे: कर्म संपतं, मागे न दिसणारं काहीतरी साठत राहतं आणि वीस वर्षांनी पिकतं. जिवंतपणी त्याचं खात्रीचं निदान अजून होत नाही. 2017 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी तपासलेल्या एनएफएल या व्यावसायिक लीगच्या 111 माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी 110 मध्ये तो रोग निघाला. मेंदू दान करणाऱ्या घरांना आधीच शंका असते, तेव्हा या आकड्यावरून सगळ्या खेळाडूंचा हिशेब मांडता येत नाही, हे त्या संशोधकांनीच सांगितलं आहे. तरी 110.

आमच्याकडे यावर उत्तर तयार असतं. "त्यांना माहीत असतं. कोट्यवधी डॉलर मिळतात. कुणी जबरदस्ती केली नव्हती." हे शब्द ऐकले की मला चौतिसावं सूत्र ऐकू येतं. ज्याचं त्याचं कर्म! देवाच्या बचावासाठी मी हा युक्तिवाद मान्य करते, निदान रविवारी सकाळी करते. सोफ्यावर बसलेल्या माझ्यासारखीच्या बचावासाठी तो चालत नाही. पाऊस सगळ्या शेतांवर सारखा पडतो हे खरं, पण पावसाला पीक बघायची हौस नसते. तो तिकीट काढत नाही, टॉवेल फिरवत नाही, आणि पीक आडवं झालं की जाहिराती लागतात म्हणून स्वयंपाकघरात चिवडा आणायला उठत नाही. अलिप्त देवाला मिळालेली सूट आम्ही रस घेऊन बघणाऱ्यांनी आपल्या खात्यावर लिहून घेणं ही लबाडी आहे. वेबस्टरच्या वेळी त्याला पैसे मिळत होते हे खरं, पण फळ काय येणार हे ओमालूंच्या आधी त्याला कोण सांगणार होतं? न पेरलेलं उगवणं, अकृताभ्यागम, हा तर आपल्या शास्त्रकारांना सगळ्यात मोठा दोष वाटत आलेला आहे.

मग दया का करत नाहीत, नियम का बदलत नाहीत? बदलतात. इथेच खरी गाठ आहे, आणि ती शांकरभाष्यात नाही.

2018 च्या मार्चमध्ये ऑर्लँडोला संघमालकांच्या एकाच बैठकीत दोन नियम मंजूर झाले. एक झेलाचा: जमिनीवर पक्का राहण्याची अट गेली. जेम्सचा झेल आता झेल ठरला असता. दुसरा हेल्मेटचा: डोकं खाली घालून कुणालाही धडक दिली तर पेनल्टी. म्हणजे शेझियरनं जे केलं ते आता नियमबाह्य. डिसेंबरातल्या आमच्या दोन्ही दुःखांचं मार्चमध्ये एकाच छपराखाली परिमार्जन झालं. पहिल्याचं सगळ्यांनी स्वागत केलं. दुसऱ्या नियमाचा पहिला फ्लॅग पडला तेव्हा हे ओरडले, "आता काय, गळाभेट घ्यायची का?"

त्यांचं ओरडणं अगदीच वावगं नव्हतं. निर्दय नियम सोपा असतो. चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, एवढंच बघायचं. दयाळू नियमात पंचाला क्षणात ठरवावं लागतं: डोकं खाली गेलं ते मुद्दाम की तोल जाऊन? चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर पडताना पूर्ण वजन टाकलं की थोडं सावरलं? मनातलं ओळखायचं, तेही पंचानं. मैदानावर बावीस धावते देह आणि सात पंच, त्यातल्या बहुतेकांची आठवडाभर दुसरी नोकरी. जितकी दया तितका पंचाचा विवेक, आणि जितका विवेक तितका "आमच्याच वेळी कसा दिसला?" हा ओरडा. 2018 च्या सप्टेंबरात मायामीचा विल्यम हेस क्वार्टरबॅकवर वजन पडू नये म्हणून पडता पडता सावरायला गेला, त्याचा पाय अडकला आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्याचा हंगाम संपला. दयेपायी गुडघा गेला.

2022 मध्ये तर क्रौर्यावरचा आणि दयेवरचा असा दोन्ही ओरडा पंधरा दिवसांत झाला. 25 सप्टेंबरला मायामीचा टुआ टागोवाइलोआ डोकं आपटून उठला तो लडखडला, तरी परत खेळायला आला. चार दिवसांनी सिनसिनाटीत तो पुन्हा आपटला आणि त्याची बोटं चेहऱ्यासमोर वेडीवाकडी ताठली. ते चित्र ज्यांनी बघितलं ते विसरलेले नाहीत. देशभर संताप. त्यानंतरच्या पंधरवड्यातच अटलांटाच्या ग्रेडी जॅरेटनं टॉम ब्रेडीला अगदी नेहमीच्या पद्धतीनं खाली पाडलं आणि पंचानं फ्लॅग टाकला. देशभर पुन्हा संताप, आणि बरेचसे गळे तेच.

म्हणून मला वाटतं की बादरायणानं एका सूत्रात दोन्ही आरोप धुतले ते देवाचे म्हणून. माणसांच्या कारभारात एक आरोप धुवायला जावं तर दुसरा गडद होतो. क्रौर्य कमी करा, पक्षपाताची ओरड वाढेल. पक्षपाताची शंका मिटवायला सगळं यंत्रावर सोडा, तर यंत्राला दया येत नाही. आणि यंत्रानं शंकाही मिटत नाही. 20 जानेवारी 2019 ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये सेंट्स आणि रॅम्स यांच्या मॅचमध्ये चेंडू यायच्या आत एका खेळाडूला उघड धक्का मारला गेला, जगानं बघितला, फ्लॅग पडला नाही, आणि सेंट्सची सुपर बोल हुकली. तिथल्या चाहत्यांनी कोर्टात धाव घेतली. लीगनं पुढच्या हंगामात तशा निर्णयांनाही रिप्ले लावून बघितला. एका वर्षात सगळे इतके वैतागले की 2020 मध्ये तो नियम गुंडाळून ठेवला. सर्वसाक्षी कॅमेरा मिळाला, एकमत मिळालं नाही.

दोनपैकी एकच आरोप सहन करायचा झाला तर मी पक्षपाताचा घेईन. चुकीच्या फ्लॅगनं फार तर मॅच जाते. हे मी आमच्याकडे बोलून दाखवलं आहे आणि त्यावर कुणीही मान डोलावलेली नाही.

2 जानेवारी 2023 ची रात्र मात्र वेगळी होती. पुन्हा सिनसिनाटी, पुन्हा सोमवार. (शेझियर, टुआ आणि आता हा, तिघंही एकाच मैदानात. शैलाताई म्हणाल्या, त्या जागेची एकदा उदकशांत करून घ्या म्हणावं. मी हसले, पण अगदी मनापासून नाही.) बफेलोचा डमार हॅमलिन, हा पिट्सबर्गशेजारच्या मकीज रॉक्सचा मुलगा, इथल्याच विद्यापीठात शिकलेला. साधी टक्कर झाली, तो उठून उभा राहिला आणि मागे कोसळला. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या आघातानं हृदय बंद पडलं होतं. मैदानातच छाती दाबून त्याला परत आणलं. दोन्ही संघ गुडघ्यांवर बसले. या खेळात ज्याची कल्पनाही कुणी केली नव्हती ते झालं: मॅच थांबली ती थांबलीच. दुसऱ्या दिवशी टीव्हीवरच्या एका माजी खेळाडूनं कार्यक्रम चालू असताना डोळे मिटून प्रार्थना केली. आमच्या ग्रुपवर कुणीतरी महामृत्युंजय मंत्राचं रेकॉर्डिंग टाकलं आणि जोशींनी, जे एरवी अशा गोष्टींना नावं ठेवतात, त्याखाली हात जोडले. हॅमलिन वाचला, त्याच वर्षी परत खेळायलाही उतरला.

आणि तो अजून हॉस्पिटलात होता तेव्हाच पक्षपाताचा आरोप परत आला. ती मॅच रद्द केल्यामुळे जय-पराजयांचा हिशेब बिघडला, लीगनं घाईनं खास नियम केला, त्यात घरच्या मैदानाचा निर्णय नाणेफेकीवर जाण्याची शक्यता निघाली, आणि सिनसिनाटीला वाटलं हा आपल्यावर अन्याय आहे. त्याच रविवारी त्यांच्या जो मिक्सननं टचडाउन केल्यावर हातमोज्यातून नाणं काढून उडवलं आणि लाथाडलं. लोक खिदळले. सहा दिवस झाले होते. मी मिक्सनला दोष देत नाही. क्रौर्याकडे माणूस फार वेळ बघू शकत नाही. पक्षपातावर मात्र जन्मभर बोलू शकतो, आणि बोलताना त्याला बरंही वाटतं.

आमचा निखिल नववीत असताना शाळेच्या फुटबॉल संघात जायचं म्हणून संमतीचा फॉर्म घेऊन आला होता. त्यात इजांची यादी होती, शेवटच्या ओळीत मृत्यूसुद्धा. मी सही केली नाही. यांनी "आईला विचार" म्हणून हात झटकले होतेच. निखिल महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही, मग क्रॉसकंट्री धावायला लागला. सही नाकारली त्याच रविवारी मी नेहमीप्रमाणे चिवडा घेऊन मॅच बघायला बसले. दुसऱ्या कुणाच्या तरी आईनं सही केलेली होती. निखिलनं तेव्हा हे मला ऐकवलं नाही. चाळिशीत आल्यावर ऐकवलं.

आता त्याचा मुलगा, अद्वैत, फ्लॅग फुटबॉल खेळतो. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन रंगीत फिती. समोरच्याची फीत ओढली की झालं, पाडापाडी नाही, डोकं आपटणं नाही. 2028 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्येही हा प्रकार असणार आहे. क्रौर्य पूर्णपणे वजा केलेला फुटबॉल, म्हणून मी मोठ्या उत्साहानं खुर्ची घेऊन बघायला गेले. पंच होता सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा, गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावर मुरमं. अद्वैत रेषेकडे धावला, फीत निघाली, तो रेषेपलीकडे पोचला. आधी फीत की आधी रेषा? पोरानं शिट्टी फुंकून फीत आधी म्हटलं. आणि माझ्या आजूबाजूचे सगळे आईबाप उभे राहिले. "डोळे आहेत का तुला?" त्यातला एक आवाज निखिलचा होता.

अद्वैत धावत माझ्याकडे आला. "आजी, तू बघितलंस ना? मी आधी पोचलो होतो ना?"

मी बघितलं होतं. फीत दोन पावलं आधी निघाली होती. आप्पांची मुलगी आहे, काय सांगणार? "दोन पावलं राहिली होती रे," म्हटलं. त्यानं बापाकडे बघितलं, बापानं माझ्याकडे बघितलं, आणि परतताना गाडीत मला मागच्या सीटवर बसवण्यात आलं.